बायोआयडेंटिकल हार्मोन थेरपी म्हणजे काय? पाळी गेल्यानंतरचा उपचार आणि ‘नैसर्गिक’ शब्दाचा घोळ

रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, घामाने गाऊन भिजतो, पंखा पाचवर करावा लागतो आणि दहा मिनिटांनी थंडी वाजायला लागते. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बाईने याबद्दल मोबाइलवर एकदा शोधलं, की पुढे कित्येक दिवस तिला जाहिराती दिसत राहतात. ‘बायोआयडेंटिकल हार्मोन्स’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘वनस्पतींपासून बनवलेले’, ‘फक्त तुमच्या शरीरासाठी तयार केलेले’. या चारपैकी पहिल्या शब्दाला शास्त्रीय अर्थ आहे. तिसरा दावा बऱ्यापैकी खरा आहे. दुसरा अर्धवट आहे. आणि जो सगळ्यात आकर्षक वाटतो, त्या चौथ्यातच खरी जोखीम आहे.

गोंधळ होतो तो एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरल्यामुळे. एक वस्तू म्हणजे कारखान्यात तयार होणारं, तपासलेलं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर केमिस्टकडे मिळणारं औषध. दुसरी म्हणजे एखाद्या फार्मसीत एकाच बाईसाठी घोटून दिलेलं मिश्रण. दोन्हींत रेणू तोच असू शकतो. पण डबीत तो किती आहे आणि शरीरात किती पोहोचतो, हे दुसऱ्या बाबतीत खात्रीने सांगता येत नाही.

शरीरात नेमकं काय कमी होतं?

सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर मानतात. पाश्चात्त्य देशांत याचं सरासरी वय ५१ च्या आसपास आहे, तर भारतात ४६-४७. म्हणजे आपल्याकडच्या बायका चार-पाच वर्षं आधीच या टप्प्यावर येतात. त्याच्या आधीची काही वर्षं पाळी पुढे-मागे होते, आणि त्रास बहुतेकदा तेव्हाच सुरू होतो.

अंडाशयात दोन मुख्य संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, तयार होतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. इस्ट्रोजेन हे खरं तर कुटुंबाचं नाव आहे. त्यात एस्ट्रॅडिऑल सगळ्यात ताकदवान, मग एस्ट्रोन, आणि सगळ्यात सौम्य एस्ट्रिऑल. पाळीच्या वयात मुख्य काम एस्ट्रॅडिऑल करतं. ते घसरलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र जरुरीपेक्षा हळवं होतं आणि शरीर किरकोळ उष्णतेलाही घाम फोडून उत्तर देतं. झोप मोडते, चिडचिड वाढते. योनीमार्ग कोरडा पडतो, संबंधांच्या वेळी दुखतं, लघवीला वारंवार जळजळ होते. हाडं मात्र काहीही न बोलता झिजत राहतात. बाथरूममध्ये पाय घसरून मनगट मोडतं, तेव्हा कुठे ते कळतं.

काही जणींना यातलं फारसं काहीच होत नाही, तर काही जणींना सात-आठ वर्षं वाफा सोडत नाहीत. ‘सगळ्यांनाच होतं, सहन करायचं’ हे घरोघरी ऐकू येणारं उत्तर पहिल्या गटासाठी ठीक आहे. दुसऱ्या गटासाठी उपचार आहेत, आणि त्यात सगळ्यात परिणामकारक उपचार आजही हार्मोन हाच आहे.

‘बायोआयडेंटिकल’ म्हणजे तोच रेणू

बाहेरून दिलेल्या हार्मोनच्या रेणूची रचना अंडाशयात तयार होणाऱ्या रेणूशी तंतोतंत जुळत असेल, तर त्याला बायोआयडेंटिकल म्हणतात. एवढाच त्याचा अर्थ. तो कुठून आणला, कोणी बनवला, कितपत तपासला, यातलं काहीच हा शब्द सांगत नाही.

त्याचा उगम मात्र मजेशीर आहे. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने जंगली कंदांमधल्या डायोस्जेनिन नावाच्या पदार्थापासून प्रोजेस्टेरॉन बनवण्याची पद्धत शोधली. त्यासाठी तो मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ भागात जाऊन कंद गोळा करून आला, आणि १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. हे कंद आपल्याकडच्या कोनफळाच्या आणि करांद्याच्या कुळातलेच. आजही एस्ट्रॅडिऑल आणि प्रोजेस्टेरॉन कंद किंवा सोयाबीनमधल्या पदार्थांपासून तयार होतात. म्हणून ‘वनस्पतींपासून’ हे खरं आहे. पण कंदापासून हार्मोनपर्यंतचा प्रवास प्रयोगशाळेतल्या रासायनिक प्रक्रियांनी होतो. माणसाच्या शरीरात डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन करणारी यंत्रणाच नाही. त्यामुळे ‘वाइल्ड याम’ क्रीम अंगाला चोळून किंवा कोनफळाची भाजी खाऊन हार्मोन वाढत नाही. भाजी चांगली लागते, ती गोष्ट वेगळी.

उलट गंमत अशी, की ज्या औषधाला बायोआयडेंटिकलवाले ‘कृत्रिम’ म्हणून नावं ठेवतात, ते तसं पाहिलं तर जास्त ‘नैसर्गिक’ आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं प्रेमरिन हे गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन. निसर्गातूनच आलेलं, पण घोडीचं. त्यातले इक्विलिनसारखे घटक बाईच्या शरीरात कधीच तयार होत नाहीत. म्हणजे नैसर्गिक असूनही बायोआयडेंटिकल नाही, आणि बायोआयडेंटिकल आहे ते प्रयोगशाळेतलं. ‘नैसर्गिक’ या शब्दावर औषध निवडायचं ठरवलं, तर इथेच फसगत होते.

२००२ ची भीती आणि तिच्यामागचे आकडे

बायोआयडेंटिकलची लाट का आली, हे समजायला वीसेक वर्षं मागे जावं लागतं.

१९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टरचं ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक आलं. रजोनिवृत्ती हा जणू आजारच आहे आणि इस्ट्रोजेन घेतलं की बाई कायम तरुण राहते, असा त्याचा सूर होता. लाखो बायका नुसतं इस्ट्रोजेन घेऊ लागल्या. १९७५ मध्ये लक्षात आलं, की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि तिथे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखं काम करणारं औषध द्यायचं, हा नियम पक्का झाला.

दुसरा धक्का जुलै २००२ मध्ये बसला. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग ठरलेल्या मुदतीआधीच थांबवण्यात आला. त्यात १६,६०८ बायका होत्या. अर्ध्या जणींना घोडीचं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम औषध दिलं जात होतं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, ही बातमी जगभर गेली. मुंबई-पुण्यातल्या दवाखान्यांतही ‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ हे समीकरण तेव्हापासून रुतून बसलं.

ते २६ टक्के कसे आले ते पाहण्यासारखं आहे. हार्मोन न घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनांचा कर्करोग होत होता. घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघात आठ जास्त, हृदयविकाराचे झटके सात जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी आठ जास्त. दुसऱ्या पारड्यात खुब्याचं हाड मोडणं पाच कमी, मोठ्या आतड्याचा कर्करोग सहा कमी. धोका खरा होता, पण मथळ्यांतून वाटला तेवढा नव्हता.

आणखी एक गोष्ट मथळ्यांत आलीच नाही. या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वाफांनी हैराण होऊन डॉक्टरकडे येणारी बाई ४८ किंवा ५० ची असते. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटल्यावर हार्मोन सुरू करणं आणि पाळी जाता जाता सुरू करणं यात बराच फरक आहे, हे पुढे त्याच आकड्यांची वयानुसार फोड केल्यावर दिसलं. गर्भाशय आधीच काढलेल्या ज्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढला, पण स्तनांचा कर्करोग वाढला नाही. दीर्घकाळच्या पाहणीत तर तो कमी आढळला.

हे सगळं उलगडायला बरीच वर्षं गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, या औषधांवरचे हृदयविकार आणि स्तनांच्या कर्करोगाबद्दलचे चौकटीतले इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. नुसत्या इस्ट्रोजेनमुळे होणाऱ्या गर्भाशयाच्या कर्करोगाचा इशारा मात्र कायम ठेवला.

मधल्या काळात डॉक्टर औषध द्यायला घाबरत होते आणि बायकांचा त्रास काही थांबला नव्हता. या पोकळीत ‘ते रासायनिक, आमचं नैसर्गिक’ म्हणणारा बाजार उभा राहिला. अभिनेत्री सुझान सोमर्स हिच्या पुस्तकांनी आणि टीव्हीवरच्या मुलाखतींनी त्याला हवा दिली.

कंपाउंडरची बाटली

‘खास तुमच्यासाठी’ हे प्रकरण समजून घ्यायला जुना दवाखाना आठवावा. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, आतला कंपाउंडर लाल औषध ढवळून बाटलीत भरायचा आणि डोस कळावा म्हणून कागदाची कातरलेली पट्टी बाटलीला चिकटवायचा. अमेरिकेतल्या ‘कंपाउंडिंग फार्मसी’ हेच काम अधिक चकचकीतपणे करतात. एरवी ती उपयोगाची सोय आहे. एखाद्या लहान मुलाला गोळी गिळता येत नसेल, किंवा कुणाला तयार औषधातल्या रंगाची ॲलर्जी असेल, तर वेगळं मिश्रण करून द्यावंच लागतं.

हार्मोनच्या बाबतीत मात्र ही सोय नेहमीची पद्धत बनली. ‘बाय-एस्ट’ (८० टक्के एस्ट्रिऑल, २० टक्के एस्ट्रॅडिऑल), ‘ट्राय-एस्ट’ अशी क्रीम, जिभेखालच्या चकत्या, कॅप्सूल हजारोंनी विकल्या जाऊ लागल्या. अशा मिश्रणाला एफडीएची मान्यता लागत नाही. ते किती काम करतं, किती सुरक्षित आहे, हे विक्रीआधी दाखवावं लागत नाही. २००१ मध्ये एफडीएने १२ कंपाउंडिंग फार्मसींमधली २९ औषधं तपासली. त्यात फक्त हार्मोनच नव्हती, सगळ्या प्रकारची होती. त्यातली १० नापास झाली, आणि बहुतेक औषधात ताकदच कमी निघाली म्हणून.

यात एक सूक्ष्म फसवणूक आहे. कारखान्यातल्या औषधाच्या खोक्यात दुष्परिणामांची बारीक अक्षरातली लांबलचक चिठ्ठी असते. घोटून दिलेल्या क्रीमच्या डबीसोबत ती असावीच लागत नाही. बाई दोन्ही शेजारी ठेवून पाहते आणि साहजिकच तिला वाटतं, की एकाला धोके आहेत, दुसऱ्याला नाहीत. इस्ट्रोजेन तेच असेल, तर धोकेही तेच.

जानेवारी २००८ मध्ये एफडीएने अशा सात फार्मसींना इशारापत्रं पाठवली. त्यांच्या जाहिरातींतले दावे खोटे आणि दिशाभूल करणारे असल्याचं सांगितलं. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी या विषयावर सविस्तर अहवाल दिला. या मिश्रणांचा सरसकट वापर योग्य ठरवायला पुरेसा पुरावा नाही, मान्यताप्राप्त औषधातल्या घटकाची ॲलर्जी असेल किंवा लागणारं औषध त्या रूपात मिळतच नसेल तरच ती द्यावीत, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग ‘लाळ तपासून तुमचा अचूक डोस ठरवतो’ याचं काय? लाळेतली हार्मोनची पातळी दिवसभर वरखाली होते आणि त्रास किती आहे याच्याशी तिचा भरवशाचा संबंध जुळत नाही. रजोनिवृत्तीत डोस ठरतो तो बाईला बरं वाटतं का यावरून. कमीत कमी डोसने सुरुवात, दोन-तीन महिन्यांनी विचारपूस, मग बदल. यात यंत्र कमी आणि संभाषण जास्त लागतं, म्हणून त्याची जाहिरात होत नसावी.

सगळ्यात धोक्याची जागा

घोटून दिलेल्या क्रीममधली सगळी अनिश्चितता एका ठिकाणी येऊन जिवावर बेतू शकते. गर्भाशय असलेली बाई इस्ट्रोजेन घेते तेव्हा अस्तर आटोक्यात ठेवायला पुरेसं प्रोजेस्टेरॉन पोहोचलंच पाहिजे. अंगाला लावायच्या प्रोजेस्टेरॉन क्रीममधून ते तेवढं पोहोचेल याची खात्री नाही. इस्ट्रोजेन मात्र त्वचेतून छान शोषलं जातं. म्हणजे बाईला वाटतं आपण दोन्ही घेतोय, वाफा थांबतात, झोप लागते, सगळं छान चाललेलं असतं, आणि आत अस्तर वाढत असतं. १९७५ मध्ये शिकलेला धडा असा डबीत भरून परत येतो.

पाळी पूर्ण गेल्यावर, वर्ष उलटल्यावर, एक डाग जरी दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, हार्मोन चालू असो वा नसो. ‘परत पाळी आली’ असं म्हणून थांबायचं नाही. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासला, की बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं. नसेल तर लवकर कळतं.

दुसरी जागा पेलेटची. तांदळाच्या दाण्याएवढ्या या गोळ्या कुल्ल्याच्या त्वचेखाली बसवतात आणि त्यातून तीन-चार महिने किंवा जास्त काळ हार्मोन सुटत राहतो. डोस जास्त झाला तर गोळी बंद करता येते, जेल पुसता येतं, पेलेट मात्र सहज काढता येत नाही. त्यात अनेकदा टेस्टोस्टेरॉन असतं आणि त्याची पातळी बायकांच्या मर्यादेच्या कितीतरी वर जाऊ शकते. मग चेहऱ्यावर केस, डोक्यावर टक्कल, घोगरा आवाज. केसांचं काही करता येतं, बदललेला आवाज कधी कधी परत येत नाही.

मग बायोआयडेंटिकल घ्यायचंच नाही?

घ्यायचं असेल तर ते केमिस्टकडे आहेच. फक्त त्याला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. एस्ट्रॅडिऑलचं मोजून दाबायचं जेल भारतात मिळतं. एस्ट्रॅडिऑल व्हॅलरेटच्या गोळीचं शरीरात गेल्यावर एस्ट्रॅडिऑलच होतं. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल तर कित्येक जणींनी आधी पाहिलेल्या असतात, कारण गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भ टिकावा म्हणून त्याच दिल्या जातात. योनीमार्गात लावायचं एस्ट्रिऑलचं क्रीमही आहे. अमेरिकेत त्याला मान्यता नाही, भारतात आणि युरोपात ते वापरलं जातं. अमेरिकेत राहणाऱ्या मैत्रिणीने सांगितलेलं औषध इथे वेगळं वाटतं किंवा मिळत नाही, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

ही औषधं जुन्या औषधांपेक्षा चांगली आहेत का? काही बाबतींत तसे संकेत आहेत. फ्रान्समध्ये हजारो बायकांच्या पाहणीत इस्ट्रोजेन त्वचेतून घेतलं तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला नाही, गोळीने मात्र वाढला. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका कृत्रिम औषध घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसला. पण या पाहण्या होत्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग नव्हते. आणि गुठळ्यांच्या बाबतीत श्रेय रेणूला नाही, वाटेला आहे. पोटातून गेलेलं एस्ट्रॅडिऑल आधी यकृतात जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. त्वचेतून गेलेलं थेट रक्तात मिसळतं. रेणू दोन्हीकडे बायोआयडेंटिकलच.

प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने गुंगी येते, म्हणून ती झोपताना घ्यायला सांगतात. झोप उडालेल्या बाईसाठी हा दुष्परिणाम वरदानच ठरतो.

कुणासाठी, कधीपर्यंत

पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील आणि वय साठच्या आत असेल, तर त्रासदायक वाफांसाठी हार्मोनचा फायदा बहुतेक निरोगी बायकांमध्ये जोखमीपेक्षा जास्त, असं आज रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या प्रमुख वैद्यकीय संस्था मानतात. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेला असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, यकृताचा आजार चालू असेल, किंवा अंगावरून जाण्याचं कारण सापडलेलं नसेल, तर सहसा देत नाहीत. अशा वेळी नैराश्यावरची काही औषधं लहान डोसमध्ये वाफांवर चालतात. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फेझोलिनेटंट हे हार्मोन नसलेलं औषध मेंदूतल्या तापमान केंद्रावरच काम करतं. त्रास फक्त कोरडेपणाचा असेल, तर स्थानिक क्रीमवर भागतं. त्यातून रक्तात फार कमी हार्मोन जातो.

एका गटाकडे मात्र या सगळ्या चर्चेत कुणाचं लक्ष जात नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं समोर आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्यातल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. ‘पिशवी काढली’ एवढंच बाईला सांगितलं जातं. सोबत दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर तिची रजोनिवृत्ती दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, तिशीत असली तरी. हाडं आणि हृदय पुढची पंधरा-वीस वर्षं इस्ट्रोजेनशिवाय काढतात. अशा बाईला काही आडकाठी नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत, हा वैद्यकीय सल्ला आहे. तिच्याबाबतीत हार्मोन म्हणजे वेळेआधी काढून घेतलेल्या गोष्टीची भरपाई असते. गर्भाशय नसल्यामुळे तिला सहसा प्रोजेस्टेरॉनची गरज नसते, एकट्या इस्ट्रोजेनवर काम होतं. म्हणून ऑपरेशनचे कागद जपून ठेवणं आणि त्यात अंडाशयांबद्दल काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून वाचून घेणं गरजेचं असतं.

उपचार किती वर्षं चालवायचा याला एकच आकडा नाही. दर वर्षी रक्तदाब, स्तनांची तपासणी आणि ‘अजून गरज आहे का’ हा प्रश्न, एवढं ठरलेलं असतं. बंद करताना डोस हळूहळू उतरवला काय किंवा एकदम थांबवला काय, काही जणींना वाफा थोडे दिवस परत येतात. त्या फारच त्रासदायक झाल्या, तर कमी डोसवर पुन्हा सुरू करता येतं.